सुंदररावांच्या गच्चीवरची राख

उतारवयात माणसं देवदर्शनं करतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर ओट्यावर बसून जगाला शहाणपण शिकवतात. सुंदरराव काचा पुसतात. रोज सकाळी, कॉफी पोटात जाण्याआधी. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात बायकोच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि पायाखाली गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, जो त्यांच्या गुडघ्यांपेक्षा थोडा कमी कुरकुरतो. कुंभकोणमहून तिरुनागेश्वरमला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर आहे आणि घराच्या गच्चीवर सौर विजेची पॅनलं आहेत. वर गेलं की पहिलं काम ठरलेलं. उजव्या हाताचं बोट काचेवरून फिरवायचं आणि बघायचं. बोट काळं निघतं. आठवड्याचा एखादा दिवस सोडला तर रोज निघतं, तरी रोज बघतात. आशा मेली चिवट असते.

राख कुठून येते ते विचारायला नको. गच्चीवर उभं राहिलं की समोर दिसतं. दोन शेतांपलीकडे विजयराघवची भाताची मिल आहे. उकडा तांदूळ करायचा तर भात वाफवावं लागतं, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरच्या पोटात घालायला मिलमध्येच निघणारं भाताचं तूस असतं. इथपर्यंत सगळं आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. पुढं विजयराघवनं मोठा बॉयलर बसवला आणि त्या वाफेवर वीज करायला लागला. मिलला हवी तेवढी वापरायची, उरलेली वीज मंडळाला विकायची. धुराडंही उंच केलं. उंच केल्यानं राख लांब जाईल असं त्याचं म्हणणं होतं, आणि खरंच गेली. पूर्वी ती मिलच्या आवारात पडायची, आता सुंदररावांच्या गच्चीवर, तुळशीवर आणि वाळत घातलेल्या वेष्टीवर, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या धोतरावर, पडते.

सुंदरराव तंजावरचे मराठी. पूर्वज सरफोजी राजांच्या मुदपाकखान्यात होते असं त्यांच्या घरात सांगतात. आता घरातली माणसं काय, काहीही सांगतात. पण हाताला चव होती हे खोटं नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी त्यांची जन्माची रीत. एकदा पुण्याहून आलेला कुणी पाहुणा त्यांचं बोलणं ऐकून हसला आणि म्हणाला, तुमची भाषा फार जुनी वाटते हो. नागलक्ष्मीनं त्याला पानावर तूप वाढता वाढता विचारलं, "मग पुरणपोळीही जुनीच वाढू का, कालची?" पाहुण्यानं ताजी मागून घेतली.

ही नागलक्ष्मी म्हणजे सुंदररावांची बायको. दोघांनी मिळून तीसएक वर्षं लग्नामुंजींची जेवणं केली. कुंभकोणम, दारासुरम, तिरुभुवनम, कुठंही कार्य निघालं की सुंदररावांचं नाव निघायचं. नाव सुंदररावांचं, चूल मात्र नागलक्ष्मीची. हे सुंदररावांना कुणी सांगावं लागत नाही, तेच सांगतात. ते पुढं असायचे, यजमानांशी बोलायचे, पंगतीत हिंडायचे, "अजून घ्या, लाजता काय" म्हणायचे. ती मंडपामागं पत्र्याच्या आडोशाला, ओल्या लाकडांच्या धुरात, पुरुषभर उंचीच्या उलथन्यानं पातेलं ढवळत असायची. डोळ्यांना पाणी आलं की पदरानं पुसायची आणि म्हणायची, "आज लाकूड वाईट आहे." लाकूड रोजच वाईट असायचं. सुंदररावांना आता वाटतं, एखाद्या दिवशी तरी आपण म्हणायला हवं होतं, तू जा पुढं, वाढ, बोल चार माणसांशी, मी बघतो चूल. म्हटलं नाही. सुचलंच नाही.

मग तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग अंगण झाडताना, मग नुसतं वेणी घालताना. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि सुंदररावांना बाजूला घेऊन विचारलं, यांना बिडीची सवय होती का? नागलक्ष्मीनं ते ऐकलं. खोकत खोकत हसली. म्हणाली, "डॉक्टर, मी नाही ओढली. पण आमची चूल ओढायची, मी शेजारी उभी असायची." डॉक्टर बिचारे ओशाळले. फुफ्फुसं धुरानं गेलीत, परत यायची नाहीत, आहेत तेवढी सांभाळायची, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी ठेवलेलं, दिवसरात्र घरघरणारं, हवेतून ऑक्सिजन गाळून नळीनं तिच्या नाकात सोडणारं. ते थांबलं की थोड्या वेळात तिचे ओठ निळसर पडायला लागतात.

मशीनला वीज लागते, आणि वीज म्हणजे कधी वादळ, कधी बिघाड, कधी महिन्याकाठी दुरुस्तीसाठी दिवसभराचं शटडाउन. म्हणून कोइंबतूरला असलेल्या लेकीनं, सौम्यानं, गच्चीवर पॅनलं बसवून दिली, खाली मोठी बॅटरी दिली. दिवसा ऊन मशीन चालवणार, जादा झालेलं बॅटरीत साठणार. तंजावर जिल्ह्यात बाकी कशाची कमतरता असेल, उन्हाची नाही. पहिल्या शटडाउनला सगळ्या गल्लीचे पंखे थांबले आणि सुंदररावांच्या घरातलं मशीन घरघरत राहिलं. त्या दिवशी सुंदररावांनी उन्हात उभं राहून सूर्याला दोन वेळा नमस्कार केला. धूर खाऊन गेलेला तिचा श्वास आता उन्हावर चालला होता. हिशेब बरोबर होता.

हिशेबात राख धरलेली नव्हती. महिन्याभरात काचा करड्या पडल्या आणि वीज निम्म्यावर आली. पॅनलं बसवणारा बाला येऊन बघून गेला. बाला चाळिशीचा, कमी बोलणारा, मिलमधलीही विजेची कामं तोच करायचा. तो म्हणाला, "मामा, रोज पुसा. दुसरा इलाज नाही." मग जाताना चप्पल घालत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मिलमध्ये राख धरायचं यंत्र आहे. धुराड्याच्या आधीच बसवलंय. पण ते वीज खातं. बंद ठेवलं की तेवढी वीज विकता येते. तपासणीला कुणी यायचं असलं की चालू करतात. मी सांगितलं म्हणू नका."

सुंदरराव दुसऱ्या दिवशी केळीच्या पानाच्या तुकड्यात गच्चीवरची राख बांधून मिलमध्ये गेले. विजयराघव काही परका नव्हता. त्याच्या लग्नाचं जेवण यांनीच केलं होतं. त्यानं मामा म्हणून खुर्ची दिली, पानातली राख बघितली, आणि भिंतीवर काच लावून टांगलेल्या प्रशस्तिपत्राकडं बोट दाखवलं. त्यावर हिरवं पान काढलेलं होतं. "मामा, कोळसा नाही हा, तूस आहे. पुन्हा पुन्हा पिकणारं. सरकार याला हरित ऊर्जा म्हणतं. तुम्ही उन्हावर वीज करता, मी तुसावर करतो. आपण दोघं एकाच बाजूचे."

बालाला शब्द दिला होता, म्हणून सुंदररावांना यंत्राचा विषय काढता येईना. "थोडं बघ," एवढंच म्हणाले. विजयराघव म्हणाला, "पार्क्कलाम." म्हणजे बघू. तमिळ असो की मराठी, हा शब्द एकदा माणसाच्या तोंडून निघाला की काम झालं नाही असं समजावं. सुंदरराव घरी आले आणि जुन्या साडीचा तुकडा फाडून घेतला.

तर असं रोजचं पुसणं सुरू झालं. पाणी वर चढवायचं, पुसायचं, उतरायचं, आणि दुपारपर्यंत पुन्हा करडा थर. पुसून पुसून माणूस किती पुसणार? रथसप्तमी जवळ आली तेव्हा सुंदरराव खरोखर थकले होते, आणि थकलेल्या माणसाला आपलं जुनं शहाणपण फार आठवतं.

रथसप्तमी सूर्याचा सण. अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवायचं, सूर्याला नैवेद्य दाखवायचा, आणि त्याआधी घरातलं सगळं पितळ लख्ख घासायचं. सुंदरराव अंगणात बसून समया, घंगाळ, तबक घासत होते. हाताशी चिंचेचा कोळ, नारळाची शेंडी आणि तुसाची राख. पितळेला तुसाच्या राखेसारखं दुसरं काही नाही. बारीक, खरखरीत, काळा डाग म्हणून ठेवत नाही. लग्नाची केवढाली पातेली त्यांनी याच राखेनं घासून आरशासारखी केली होती, आणि यजमान त्यात तोंड बघून केस सारखे करायचे. आणि ती राख तर देवानं, म्हणजे विजयराघवनं, घरपोच पाठवलेली होती. सुंदररावांनी वर बघितलं. उद्या सूर्यदेव येणार, आणि त्याचंच ताट तेवढं मळकट राहायचं?

ते बादली, शेंडी, चिंचेचा कोळ आणि राख घेऊन वर गेले. एकेक पॅनल हातानं, जोर लावून, गोल गोल घासलं. चांगला घाम निघाला. पाणी मारल्यावर काचा चमकल्या आणि त्यांना कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. खाली येऊन नागलक्ष्मीला म्हणाले, "बघायला हवं होतंस. मंडपातलं पातेलं आठवलं."

"तुम्हाला पातेल्याशिवाय दुसरं काही आठवतं का?" ती म्हणाली, पण हसली. हसताना तिला दम लागत नाही असे दिवस आता थोडे होते, तो त्यातला एक होता.

पाणी सुकल्यावर काचा धुरकट दिसायला लागल्या. सुंदररावांना वाटलं, राख राहिली असेल. पुसलं. तशाच. सणाच्या दिवशी दूध उतू गेलं, नैवेद्य झाला, ऊन लख्ख पडलं, आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत भरली नाही. तिसऱ्या दिवशी बालाला बोलावलं. बालानं वर जाऊन काचेवर तळहात ठेवला आणि तिरपं होऊन बघितलं.

"मामा, कशानं घासलंत?"

सुंदररावांनी सांगितलं.

"अहो, ही काय कढई आहे का?" बाला म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "काचेला चरे गेलेत सगळीकडं. वरचा मुलामा गेला. ऊन आत जाणार कसं? आता कितीही पुसा, हे निघायचं नाही."

गच्चीच्या कठड्याला टेकून सुंदरराव खाली बसले. सगळा जन्म ज्या हातांनी घासून मिळवलं, त्याच हातांनी घासून घालवलं. राखेनं काच झाकली होती, ती पुसता आली असती. हे त्यांनी स्वतः केलं होतं, मन लावून, देवाचं नाव घेऊन. रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं. नवीन पॅनलं लागतील, सौम्याला सांगावं लागेल, असं बाला म्हणाला. सुंदरराव म्हणाले, सांगतो. आणि सांगितलं नाही. लेकीला काय सांगायचं, तुझा बाप खुळा आहे म्हणून? नागलक्ष्मीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "बाला म्हणाला ठीक आहे. ऊनच जरा कमी आहे."

त्यांनी मनात एक मांडून ठेवलं होतं. वीज आली-गेली तर बॅटरी थोडी ओढेल, आणि जास्तच झालं तर कोपऱ्यात ऑक्सिजनचं सिलिंडर आहे. सिलिंडर मध्येच एका वादळात संपलं. भरायला नेणारा म्हणाला, उद्या आणून देतो. तो उद्या यायच्या आधी शटडाउनचा दिवस आला.

सकाळी नऊला वीज गेली. मशीन बॅटरीवर घरघरत राहिलं. सुंदरराव गच्चीवर जाऊन उगाच पुन्हा पुसून आले. ऊन कडक होतं, डोकं तापवत होतं, आणि तेच ऊन त्या चरे पडलेल्या काचांवर पडून वाया जात होतं. बाराच्या सुमाराला बॅटरीनं टूं टूं आवाज करायला सुरुवात केली. नागलक्ष्मीनं मान वळवून बघितलं.

"हा कसला आवाज?"

सुंदररावांना खोटं सुचेना. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. राख, शेंडी, चरे, बालानं सांगितलेलं मिलचं यंत्र, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चिंचही लावलीत का?"

"लावली."

"मग देव तरी खूश झाला असेल." एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले. बोलण्यात श्वास घालवायचा नाही हे तिला आता पाठ झालं होतं. सुंदररावांना वाटलं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टूं टूं थांबलं आणि मशीनही थांबलं. खोली एकदम शांत झाली. ती शांतता सुंदररावांना सहन होईना, तसेच पळत शेजारच्या व्यंकटेशकडं गेले. व्यंकटेश ऑटो चालवायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी आलेला होता. गावातल्या हॉस्पिटलात चल, असं सुंदरराव म्हणाले. व्यंकटेशनं हात धुतला. "मामा, आज मुहूर्ताचा दिवस. गावात सगळी मंगल कार्यालयं भरलीत, गाड्या हलत नाहीत. मी आत्ताच तिकडून आलो, पाऊण तास लागला." मग त्यानं शेतापलीकडं बघितलं. "मिलमध्ये लाइट आहे. त्यांची स्वतःची आहे."

त्या वेळी सुंदररावांनी काहीही केलं असतं. मान, अपमान, राख, काही आठवलं नाही. दोघांनी नागलक्ष्मीला उचलून ऑटोत बसवलं, मशीन तिच्या पायाशी ठेवलं. तिनं सुंदररावांचा दंड घट्ट धरला होता आणि तोंड उघडून श्वास घेत होती. ओठ निळे दिसत होते. दोन शेतांचं अंतर, पण बैलगाडीचा रस्ता, आणि वाटभर हवेत तीच राख. सुंदररावांनी आपल्या अंगवस्त्रानं तिचं नाक झाकलं, मग झाकल्यानं तिला अजून गुदमरेल म्हणून काढलं, मग पुन्हा झाकलं.

विजयराघव स्वतः धावत बाहेर आला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. त्यानं आपल्या केबिनमधलं टेबल सरकवलं, स्वतःची गादीची खुर्ची तिला दिली, मशीनची वायर स्वतःच्या हातानं लावली. मशीन घरघरायला लागलं. हळूहळू तिच्या ओठांचा निळेपणा गेला, खांदे खाली आले. सुंदरराव जमिनीवर बसले होते. त्यांना तिच्या डोक्यावरचं ते हिरव्या पानाचं प्रशस्तिपत्र दिसत होतं, आणि खिडकीतून धुराडं. बाहेर त्या धुराड्यातून काळं जात होतं आणि आत त्याच्याच विजेवर ती श्वास घेत होती. सुंदररावांना राग यायला हवा होता. आला नाही. कृतज्ञता वाटली, आणि कृतज्ञता वाटली याची लाज वाटली.

विजयराघवनं कॉफी मागवली. सुंदररावांच्या हातात पेला आणि त्याखालची वाटी, म्हणजे डबरा, देत म्हणाला, "मामा, संकोच करू नका. संध्याकाळपर्यंत बसा. आणि मामी, शटडाउन असो नसो, कधीही या. हे तुमचंच घर."

नागलक्ष्मी त्याच्याकडं बघत होती. संध्याकाळी वीज आल्याचा निरोप घेऊन व्यंकटेश आला, तेव्हा ती उठण्याआधी बोलली. मध्ये थांबत, श्वास घेत, पण आवाज साधा.

"विजयराघवा, तुझ्या लग्नात पायसम मीच ढवळलं. दोन वाट्या जास्त प्यायलास. आठवतं?"

"आठवतं, मामी."

"तेव्हा धूर खात उभी होते. तो छातीत जाऊन बसतो हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. माहीत असतं तर चूल सोडली असती." ती थांबली. "तुला माहीत आहे. राख धरायचं यंत्रही आहे तुझ्याकडं. ते चालू कर."

विजयराघवनं खाली बघितलं. यंत्राचं कुणी सांगितलं असं त्यानं विचारलं नाही. टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. "वीज फार खातं ते, मामी," असं काहीतरी पुटपुटला, आणि मग म्हणाला, "पार्क्कलाम."

सुंदररावांनी त्या रात्री सौम्याला फोन केला आणि पॅनलांचं सांगून टाकलं. ती रागावली नाही. नवीन यायला वेळ लागेल म्हणाली. सिलिंडर दुसऱ्या दिवशी आलं. सुंदररावांनी ते तिच्या उशाशी ठेवलं.

पुढचे दिवस त्यांचं लक्ष बोटाकडं. सकाळी वर जायचं, बोट फिरवायचं. काळं. दुसऱ्या दिवशी काळं. तिसऱ्या दिवशी काळं. आणि मग एका सकाळी बोट फिरवलं, उलटं करून बघितलं, डोळ्याजवळ आणलं. बोट स्वच्छ होतं. नुसतं दवाचं पाणी. सुंदरराव गुडघे विसरून जिना उतरले आणि बोट तिच्या पुढं धरलं. "बघ. बघ गं. ऐकलं त्यानं."

नागलक्ष्मीनं बोट धरलं, नीट बघितलं. मग सोडलं.

"आज रविवार आहे," ती म्हणाली. "मिल बंद असते. रविवारचं बोट स्वच्छच निघतं, विसरलात?"

सोमवारी ते वर गेले तेव्हा उगाचच सावकाश चढले. धुराड्यातून धूर निघत होता. बोट फिरवलं. काळं. नेहमीपेक्षा कमी असेल का, म्हणून दुसरं बोट फिरवलं. तेही काळं. काचा पुसायला हात उचलेना. चरे पडलेल्या काचेवरची राख पुसून तरी काय मिळणार होतं? तरी पुसल्या. सवयीनं, बादली रिकामी होईपर्यंत.

खाली उतरताना त्यांनी ठरवलं होतं, आज सांगायचं नाही. इतके दिवस तिनं वाट बघितली, एक दिवस तिला चांगलं वाटू दे. तसंही ती काही वर येऊन बघणार नव्हती. दारातच त्यांनी बोटं वेष्टीला पुसली आणि आत गेले.

"काय?" तिनं विचारलं.

"स्वच्छ," ते म्हणाले. "काहीच नाही आज."

ती उशीला टेकून बसली होती. मशीन घरघरत होतं. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्यांच्या पांढऱ्या वेष्टीकडं, मांडीजवळच्या दोन काळ्या रेघोट्यांकडं. सुंदररावांनी तिची नजर बघितली आणि हात तिथं नेला, पण उशीर झाला होता.

"वेष्टी बदला," ती म्हणाली. "आणि व्यंकटेशला ऑटो काढायला सांगा."

"कशाला? लाइट आहे आज. शटडाउन नाही."

"नसू दे." तिनं पलंगावरचे पाय खाली सोडले आणि पायानंच चपला शोधायला लागली. "तो म्हणाला ना, कधीही या म्हणून. त्याच्या खुर्चीत बसते रोज, त्याच्या समोर. किती दिवस बघतो ते बघू. मशीन घ्या."

सुंदररावांनी आत जाऊन धुतलेली वेष्टी नेसली, मशीनची वायर गुंडाळली, आणि व्यंकटेशला हाक मारायला बाहेर गेले.